विमानातला पेट्रोलचा कॉक

(उत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



विषय काय ठेवायचा असं कार्यवाहांनी विचारलं, तेव्हा मी ‘विमानातला पेट्रोलचा कॉक’ म्हणालो. ते क्षणभर गप्प बसले आणि म्हणाले, ‘रेल्वेचं काही नाही का?’ रेल्वेचंही येईल. डब्याखालचा असो, स्कूटरचा असो की विमानाचा, कॉक हा कॉकच. फिरला पाहिजे, थांबेल तिथं थांबला पाहिजे आणि कुठं थांबलाय ते बघणाऱ्याला कळलं पाहिजे.

बेंगळूरुला विमानांचं वावडं नाही. १९४० साली सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी इथं विमानांचा कारखाना काढला, तोच पुढं एचएएल झाला. ‘एरो इंडिया’ला यलहंक्याला मुलांना घेऊन आपण सगळेच जातो. पण मी आज कारखान्यातल्या विमानाबद्दल बोलणार नाही. माणूस स्वतःच्या घरी, शेडमध्ये, गच्चीवर जे विमान बांधतो त्याबद्दल बोलणार आहे. परदेशात अशी विमानं हजारोंनी आहेत. नकाशे विकत घ्यायचे किंवा सुट्या भागांचा संच आणायचा, आणि पाच-सात वर्षं सुट्टीच्या दिवशी खपायचं. आपल्याकडचं ठळक नाव म्हणजे कॅप्टन अमोल यादव. मूळचा साताऱ्याकडचा हा वैमानिक. कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं आणि २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली. मधे किती वर्षं कागदांत गेली हे वर्तमानपत्रांतून आपण वाचलंच आहे.

(इथं कोणीतरी तळपद्यांचं नाव काढणार, म्हणून आधीच सांगतो. १८९५ साली गिरगाव चौपाटीवर विमान उडाल्याची गोष्ट मीही लहानपणी ऐकली आहे. पण जे ‘वैमानिक शास्त्र’ त्यासाठी पुढं केलं जातं, ते आपल्या इथल्याच भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी १९७४ साली तपासलं. त्यातली विमानं उडू शकणार नाहीत असा निर्वाळा त्यांनी दिला. त्यावर वाद घालायला मी तयार आहे, पण प्रसाद झाल्यावर.)

आता कॉक. ज्यांनी जुनी चेतक चालवली आहे त्यांना एका मिनिटात कळेल. सीटखाली पुढच्या बाजूला पेट्रोलचा कॉक असायचा. चालू, रिझर्व्ह, बंद. स्कूटर रस्त्यात फुरफुरायला लागली की आपण हँडलवरून एक हात काढायचो, खाली वाकायचो आणि तो रिझर्व्हवर फिरवायचो. कॉक सैल असला तर काही नाही. घट्ट असला तर? जोर लावायला खांदा खाली जायचा, खांद्याबरोबर स्कूटर त्या बाजूला झुकायची, आणि मागं बसलेली मंडळी ओरडायची. चूक कॉकची, पण तोल जायचा स्कूटरचा. एवढं लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावरच आहे.

लहान विमानात साधारणपणे दोन्ही पंखांत एकेक टाकी असते. वैमानिकाजवळ एक कॉक असतो: डावी टाकी, उजवी टाकी, बंद. एका बाजूचंच पेट्रोल जळत राहिलं तर विमान एकीकडं जड होतं, म्हणून ठरावीक वेळानं टाकी बदलावी लागते. एक टाकी संपली आणि इंजिन फुरफुरलं तर ताबडतोब बदलावी लागते. म्हणजे हा कॉक फिरवायची वेळ कधीकधी नेमकी वाईट असते. जमीन जवळ असते आणि हातात सेकंद मोजकेच असतात.

जॉन डेन्व्हर हे नाव इथल्या तरुण मंडळींना ‘कंट्री रोड्स’ या गाण्यामुळं माहीत असेल. अमेरिकेतला मोठा गायक. हौशी वैमानिक, आणि नवशिका मुळीच नाही. २७०० तासांहून जास्त उड्डाण केलेलं. त्यानं ‘लाँग-ईझी’ जातीचं, दुसऱ्या कोणीतरी घरी बांधलेलं विमान विकत घेतलं. बर्ट रुटान या नामांकित रचनाकाराचं ते डिझाइन. इंजिन मागं, पंखा मागं, दोन माणसं एकामागं एक बसणार. मूळ नकाशात पेट्रोलचा कॉक वैमानिकाच्या पुढ्यात, दोन पायांच्या मधे दाखवलेला होता. बांधणाऱ्यानं तो तिथं न बसवता वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागं बसवला, पेट्रोलच्या नळ्या बसायच्या जागेत येऊ नयेत म्हणून. हेतू वाईट नव्हता. आग लागली तर नळी पायाशी नको, असा विचार कोणीही करील.

आता त्या विमानात बसून पाहा. चालवायची दांडी उजव्या हाताला, बाजूला. टाकी बदलायची तर दांडी सोडायची, खांद्याचा पट्टा सैल करायचा, कमरेतून डावीकडं काटकोनात वळायचं आणि उजवा हात डाव्या खांद्यावरून मागं न्यायचा. त्यात कॉक घट्ट, आणि त्याच्यावर कुठली बाजू कुठल्या टाकीची याची खूणही नाही. पेट्रोल किती उरलंय ते दाखवणाऱ्या काचाही मागं, त्यांवरही आकडे नाहीत. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियात मॉन्टेरे विमानतळावर उड्डाणापूर्वी त्याचं आणि तिथल्या मेकॅनिकचं यावर बोलणं झालं. मुठीला व्हाइस ग्रिप पकड लावून हात पोचतो का तेही दोघांनी पाहिलं. जमलं नाही. मेकॅनिकनं मागचं पेट्रोल दिसावं म्हणून एक आरसा दिला. पेट्रोल भरायचं का, विचारलं. ‘तासभरच उडणार आहे, नको’, असं उत्तर मिळालं. गरज पडलीच तर विमान ऑटोपायलटवर ठेवून कॉक फिरवीन, असंही तो म्हणाला.

तीनदा धावपट्टीला चाकं टेकवून तो पुन्हा वर गेला, मग समुद्राच्या बाजूला वळला. पॅसिफिक ग्रोव्हजवळ विमान फार उंच नव्हतं. पाहणाऱ्यांपैकी काहींनी इंजिनाचा आवाज बदलल्याचं सांगितलं. विमान एकदम उजवीकडं कलंडलं आणि नाकावर पाण्यात गेलं. त्याचं वय होतं ५३.

चौकशी मंडळानं नंतर तसल्याच विमानात माणसं बसवून पाहिलं. डावीकडं मागं वळून जोर लावायचा तर शरीराला आधार लागतो, आणि तो आधार उजवा पाय घेतो. उजवा पाय कुठं असतो? रडरच्या पायपट्टीवर. म्हणजे घट्ट कॉकशी झटापट करणारा माणूस नकळत विमानाला उजवीकडं ढकलतो. अहवालात कारणं मांडली ती अशी: कॉक फिरवताना लक्ष विचलित झालं आणि नकळत उजवं रडर दाबलं गेलं, शिवाय आधी पेट्रोल भरून घेतलं नाही. कॉक अवघड जागी आणि विनाखुणेचा बसवला जाणं, काचांवर आकडे नसणं आणि या विमानाचा सराव अपुरा असणं, हीही कारणांत धरली. मला त्या अहवालात सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो पाय. पेट्रोल दुसऱ्या टाकीत होतं, पण तिथवर हात नेताना पायानं घात केला.

आमच्या खात्यातल्या मंडळींना यावरून अँगल कॉक आठवला असेल. डब्याच्या दोन्ही टोकांना ब्रेक पाइपचा हा कॉक असतो. मूठ पाइपाच्या रेषेत असली की उघडा, आडवी असली की बंद. अंधारात, पावसात, टॉर्च न लावता नुसता हात फिरवला तरी कळतं. मधेच एक कॉक बंद राहिला तर त्याच्या मागच्या डब्यांना ड्रायव्हरचा ब्रेक पोचत नाही. म्हणून इंजिनाजवळ ५ किलो दाब दिसला तरी गाडी सुटत नाही. शेवटच्या डब्यात गार्डाला (२०२२ पासून त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणायचं) दाब दिसावा लागतो. हे नियम कोणी टेबलावर बसून हुशारीनं लिहिलेले नाहीत. एकेका अपघातानंतर एकेक आलेले आहेत. विमानांचंही तसंच. कारखान्यात बनणाऱ्या लहान विमानांसाठी अमेरिकेत नियम होता की एका टाकीवरून दुसरीवर जाताना कॉक ‘बंद’मधून जाता कामा नये, आणि ‘बंद’ करायला वेगळी, मुद्दाम करावी लागणारी हालचाल हवी. म्हणजे मूठ उचलायची किंवा खटका दाबायचा. घरी बांधलेल्या विमानाला हा नियम बंधनकारक नाही. तिथं बांधणाऱ्याची सद्सद्विवेकबुद्धी.

आता मी यात कसा आलो ते. माझे एक स्नेही आहेत, साठी ओलांडलेले, निवृत्त. कनकपुरा रस्त्याकडं एका नारळीच्या बागेत पत्र्याच्या शेडमध्ये ते दोन आसनी विमान बांधत आहेत. संच आणून सुरुवात केली त्याला आता बरीच वर्षं झाली. मी रविवारी जातो, हातोडी-पाना देतो, चहा पितो. एकदा त्यांनी मला आत बसवलं आणि म्हणाले, ‘जरा टाकी बदला बघू.’ कॉक दोन आसनांच्या मधे, जागा उत्तम. पण फिरेना. मी दोन्ही हात लावले तेव्हा कचकन् फिरला आणि पुढं सरकून ‘बंद’वर जाऊन बसला. ते हसले. ‘अहो, तुम्ही रेल्वेवाले, तुम्हाला तरी फिरायला हवा. एरवी मी पकडीनं फिरवतो.’

मी विचारलं, ‘उडताना पकड कुठं ठेवणार?’ ते म्हणाले, ‘खिशात.’

तो कॉक साधा पितळी, तीन तोंडांचा, औद्योगिक कामाचा होता. आत शंकूच्या आकाराचा पितळी गट्टू, त्याला आडवं भोक, आणि गट्टू बैठकीत घट्ट बसावा म्हणून खालून स्प्रिंग. हा कॉक गळत नाही याचं कारणच हे, की पितळ पितळाला चिकटून बसलेलं असतं. मधे ग्रीसचा अतिशय पातळ थर असतो, तो गेला की घासाघीस सुरू. साधं ग्रीस पेट्रोल हळूहळू धुऊन नेतं. त्यात विमान उडत नसलं, शेडमध्ये महिनोन्महिने उभं असलं, की नळीतलं पेट्रोल सुकून डिंकासारखा चिकट थर धरतं. आम्ही कॉक उघडला तेव्हा गट्टूवर तपकिरी थर होता आणि एका बाजूला उभे ओरखडे. पकडीचं हे बक्षीस. पितळ पितळात रुतलं होतं.

आमच्यातल्याच एकानं सुचवलं, ग्राइंडिंग पेस्ट लावून घासून बसवू. मी नको म्हटलं. पितळ मऊ, पेस्टची खर त्यात रुतून बसते आणि मग गट्टू आयुष्यभर बैठकीला घासत राहतो. स्प्रिंगचा एखादा वेढा कापला की सैल होईल, असंही आलं. सैल होईल, पण गळेल, किंवा हवा ओढेल. हवा ओढणारा कॉक गळणाऱ्यापेक्षा वाईट, कारण गळणारा निदान वास तरी देतो. शेवटी गट्टू साफ केला आणि पेट्रोलमध्ये न विरघळणारं खास ग्रीस मिळतं ते मागवून लावलं. कॉक लोण्यासारखा फिरला. स्नेही खूश. पाच-सहा आठवड्यांनी पुन्हा तसाच घट्ट. ओरखडे ग्रीसनं भरून निघत नाहीत.

दरम्यान मी दुसरी गोष्ट मोजली होती. त्या कॉकची रचना डावी, मग बंद, मग उजवी अशी होती. म्हणजे टाकी बदलताना दर वेळी ‘बंद’ ओलांडायचं. घट्ट कॉक तिथंच अडकला तर? किंवा अर्धवट उघडा राहिला तर? अर्धवट कॉकची गंमत अशी, की जमिनीवर इंजिन संथ चालताना त्याला पुरेसं पेट्रोल मिळतं आणि सगळं ठीक वाटतं. पूर्ण ताकद मागितली की पुरवठा कमी पडतो, आणि पूर्ण ताकद आपण उड्डाणालाच मागतो.

मी म्हटलं, हा बदलायचा. इथं आमचं थोडं वाजलं. नवा कॉक म्हणजे परदेशातून मागवायचा, पैसे, जकात, दोन-तीन महिने. शिवाय मधलं खोकं आणि आसनांची बैठक उचकटायची, जे त्यांनी आदल्या दिवाळीत मोठ्या हौसेनं पूर्ण केलं होतं. त्यांचा राग कॉकवर नव्हता, वेळेवर होता. वैद्यकीय तपासणी दर खेपेला थोडी अवघड होत चाललेली. ते म्हणाले, ‘तुमच्या सावधगिरीत माझे डोळे जातील हो.’ यावर बोलण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं. निघताना वहिनींनी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन हळूच विचारलं, ‘भाऊजी, तो कॉक खरंच एवढा महत्त्वाचा आहे का?’ मी त्यांना चेतकची गोष्ट सांगितली. डेन्व्हरची नाही सांगितली. पुढच्या रविवारी गेलो तेव्हा आसन उचकटलेलं होतं.

नवा कॉक विमानांसाठीच बनवलेला. डावी-उजवी शेजारीशेजारी, ‘बंद’ पलीकडं, आणि तिथं जायला खटका उचलावा लागतो. प्रत्येक ठिकाणी टक् असं हाताला कळतं. डोळे मिटून दहादा फिरवून घेतला, दहाही वेळा बरोबर. मुठीचं बाणासारखं टोक ज्या टाकीकडं, तीच टाकी चालू. काही विमानांत कॉक लांब ठेवून मधे दांडा आणि सांधा घालतात. माझं मत, टाळता येत असेल तर टाळावं. सांध्यात चाल पडली की मूठ ‘डावी’ म्हणते आणि आतला गट्टू वेगळंच काही म्हणत असतो.

दोन बारीक गोष्टी, आपल्या वर्कशॉपच्या मुलांसाठी. पेट्रोलच्या जोडाला प्लंबरची पांढरी टेप लावू नका. तिचे तंतू सुटतात आणि कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतात. दुसरं, विमानाच्या नळीचं तोंड ३७ अंशात फाकवतात, मोटारीचं ४५ अंशात. नजरेला सारखंच दिसतं, आवळलं की बसल्यासारखंही वाटतं, आणि थरथरीनं काही दिवसांत गळायला लागतं.

मग पेट्रोल. आपल्या पंपांवर २०२५ पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. स्नेह्यांच्या विमानाला रोटॅक्सचं १०० अश्वशक्तीचं इंजिन आहे, आणि ती कंपनी १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल म्हणते. इंजिनाचं सोडा, कॉकमधल्या रबरी रिंगांचाही प्रश्न आहे. साधं नायट्राइल रबर अशा पेट्रोलमध्ये फुगू शकतं, आणि फुगलेली रिंग म्हणजे पुन्हा घट्ट कॉक. म्हणून रिंगा व्हायटॉनच्या घ्याव्यात. इथेनॉल किती आहे हे घरीही पाहता येतं. मोजपात्रात थोडं पाणी घालून खूण करा, वर पेट्रोल ओता, हलवा, ठेवून द्या. खालचा पाण्याचा थर जेवढा वाढला तेवढं इथेनॉल पाण्यात उतरलं. आमच्या शेडमध्ये हा प्रयोग पाहून त्यांच्या नातवानं टाळ्या वाजवल्या. विमानाचं खास पेट्रोल, ज्याला एव्हीगॅस म्हणतात, ते सप्टेंबर २०२२ पासून इंडियन ऑइल आपल्याच देशात बनवतं. पूर्वी सगळं बाहेरून यायचं. महाग आहे, पण त्यात इथेनॉल नाही. स्नेह्यांनी तेच वापरायचं ठरवलं आहे.

कॉक बसवला म्हणजे काम झालं असं नाही. पेट्रोल खरंच पोचतं का ते मोजायचं. हिशेब सोपा आहे. हे इंजिन पूर्ण ताकदीला तासाला सुमारे २७ लिटर पितं. पंपानं पुरवठा असेल तर त्याच्या सव्वापट मिळायला हवं, म्हणजे तासाला पावणेचौतीस लिटर, मिनिटाला साधारण ५६३ मिलिलिटर. शेपटी खाली दाबून नाक चढणीच्या कोनात वर केलं, टाकीत अगदी थोडं पेट्रोल ठेवलं, कार्ब्युरेटरजवळची नळी सोडून डब्यात घेतली आणि घड्याळ लावलं. आग विझवायचा सिलिंडर शेजारी, वायरिंग तपासलेलं, आणि विड्या ओढणाऱ्यांना बागेच्या पलीकडं पाठवलेलं. डावीकडून ६४० आले. उजवीकडून ५५०. तेरा मिलिलिटर कमी. कोणी म्हणालं, चालतंय. मी म्हटलं, दोन्ही नळ्या सारख्या लांबीच्या, कॉक तोच, मग नव्वदाचा फरक का? शोधलं तर आसनाच्या कडेखाली उजवी नळी वळणावर चपटली होती. बदलली. ६३० आले.

शेवटची चाचणी त्यांना स्वतःलाच करायला लावली. इंजिन चालू, विमान दोराने बांधलेलं. कॉक बंद करायचा आणि इंजिन किती वेळानं थांबतं ते पाहायचं. ते लगेच थांबत नाही. कार्ब्युरेटरच्या वाट्यांत आणि नळीत उरलेल्या पेट्रोलवर बराच वेळ चालतं. एवढ्या वेळात माणूस धावपट्टीच्या टोकापासून निघून झाडांच्या उंचीवर पोचलेला असू शकतो. म्हणून उड्डाणाच्या अगदी आधी टाकी बदलायची नाही. ज्या टाकीवर निघायचं ती आधीच निवडायची, तिच्यावर इंजिन पूर्ण ताकदीनं चालवून पाहायचं आणि मग कॉकला हात लावायचा नाही. इंजिन थांबलं तेव्हा स्नेही काही बोलले नाहीत. वहीत सेकंद लिहिले, खाली सही केली.

विमान अजून उडालेलं नाही. टाक्यांच्या हवेच्या नळ्या राहिल्या आहेत, कागदपत्रं राहिली आहेत, एक वैद्यकीय तपासणी राहिली आहे. जुना कॉक त्यांनी मला दिला. आमच्या डेपोत नव्या मुलांना मी तो फिरवायला देतो. पकड न वापरता. अजून तरी कोणाला एका हातानं जमलेलं नाही.

कार्यवाह घड्याळाकडं बघत आहेत, आरतीची वेळ झाली आहे. गणपती बाप्पा मोरया!